पितळीतली पुढची जागा

प्रिय अनिरुद्ध आणि रेणू,

तुम्ही पाठवलेलं कात्रण मिळालं. तुमच्या तिथल्या वर्तमानपत्रातली ती जाहिरात आणि तिच्यातली ती काळीभोर जुनी गाडी: लाकडी आऱ्यांची चाकं, पितळी दिवे, मागे दुमडलेला टप. गाडी दुर्मिळ आहे, विसाव्या शतकाच्या सुरुवातीची आहे, नव्यासारखी दुरुस्त केलेली आहे आणि विकायची आहे, असं खाली छापलंय. समासात रेणूने पेन्सिलीने विचारलंय, "आजी, तू अशा गाडीत कधी बसली आहेस का?"

बसले आहे. एकदाच, आणि तीही विकायला काढलेलीच होती. फोनवर सांगायला सुरुवात केली होती, पण अनिरुद्धची बस आली. शिवाय त्या दिवशी गाडीत जे होते त्यांच्यापैकी आता मी एकटीच उरले आहे, म्हणून लिहूनच काढते. एखादा शब्द अडेल असं वाटलं तिथे कंसात अर्थ दिला आहे.

आधी गाडीची ओळख. तुमचे पणजोबा, म्हणजे माझे सासरे, पुण्यात डॉक्टर होते. घरातल्या सुना त्यांना मामंजी म्हणत, म्हणून मीही तेच म्हणते; मी या घरात आले ती ते गेल्यानंतर. मायदेशी परत निघालेल्या एका मिशनरी साहेबाकडून त्यांनी एक अमेरिकन मोटार घेतली होती. पुढच्या दोन मोठ्या पितळी दिव्यांवरून घरात तिचं नाव 'पितळी' पडलं. मामंजी तिच्यातून खेडोपाडी रोगी पाहायला जात. माई, म्हणजे माझ्या सासूबाई, तिच्यातून माहेरी, देवाला आणि लग्नकार्याला जात. मामंजी गेल्यावर गाडी विकली गेली, आणखी दोन-चार हातांत फिरली आणि कुठे गेली ते कळलं नाही.

मी सांगते आहे तो प्रवास त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, १९५५च्या आसपास झाला. माईंच्या डोळ्यांत काचबिंदू झाला होता (डोळ्यातला दाब वाढून नजर कायमची जाते, तो आजार). मोतीबिंदू काढता येतो, हा नाही. डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "नजर कडेकडेने जाते. समोरचं सगळ्यांत शेवटी जातं." आम्ही त्या समोरच्यापाशी येऊन पोचलो होतो. माईंना ताटातली मधली पोळी दिसायची, डावीकडची चटणी मात्र बोटांनी शोधावी लागायची. नळीतून पाहावं तसं दिसतं, असं त्या म्हणत. तक्रार अशी त्यांनी कधी केली नाही. एकदा मी त्यांचे केस विंचरत होते, तेव्हा एवढंच म्हणाल्या, "सगळं मिटायच्या आधी एकदा आपली पितळी भेटली असती तर बरं वाटलं असतं."

तुमचे आजोबा शेजारच्या खोलीत पेपर तपासत होते. त्यांनी ते ऐकलं. त्या दिवसापासून कॉलेजात, मंडईत, जो भेटेल त्याला ते गाडीबद्दल विचारू लागले. शेवटी त्यांच्या एका विद्यार्थ्याने बातमी आणली. लढाईवरून परत आलेल्या चाकणच्या एका ड्रायव्हरने तसली गाडी कुणाच्या तरी गोठ्यातून काढून हौसेने नवी केली होती. आसपासच्या लग्नांत नवरी तिच्यातून मिरवते आणि आता ती विकायची आहे, असं तो म्हणाला. आजोबांनी लगेच पोस्टकार्ड टाकलं, "रविवारी गाडी पाहायला येतो." मागच्या अंगणातली जळाऊ लाकडं हलवून त्यांनी गाडीला जागासुद्धा करून ठेवली.

दिवाळी होऊन गेली होती आणि थंडी चांगली पडली होती. धाकट्याला, म्हणजे तुमच्या बाबांना, मी शेजारी सोपवलं. आम्ही तिघं सकाळच्या लोणावळ्याकडच्या पॅसेंजरमध्ये बसलो. खडकी गेली, दापोडी गेली. पिंपरीच्या स्टेशनाबाहेर निर्वासितांच्या बराकींच्या रांगा होत्या. सिंध सोडून आलेली ती माणसं एव्हाना तिथे रुळली होती. बराकींच्या दारांत पापड वाळत होते. पलीकडे औषधांच्या नव्या कारखान्याच्या इमारती माळावर उठून दिसत होत्या. एक सिंधी बाई खिडकीशी पापडांची टोपली घेऊन आली. माईंनी पापड चाचपून पाहिला आणि विचारलं, "बाई, यात मिरी घातलीय ना?" तिला मराठी कळलं नसावं. पण तिने एक तुकडा मोडून माईंच्या हातावर ठेवला आणि त्या खाईपर्यंत त्यांच्या तोंडाकडे पाहत उभी राहिली. माईंनी मान डोलावली, तेव्हा कुठे ती हसली.

चिंचवडला उतरून भोसरीपर्यंत टांगा केला. टांगेवाल्याने लगाम सैल सोडून चौकशी सुरू केली.

"कुठं निघालात, सायेब?"

"चाकणला. मोटार घ्यायला."

"आन् मोटार घ्यायला टांग्यानं?" त्याने मागे वळून आमच्याकडे नीट पाहिलं. "मंग येताना मला नगा शोधू."

त्याचा घोडा एका विहिरीपाशी आपण होऊन थांबला आणि हलेना. रोज तिथे त्याला पाणी मिळायचं. पाणी पाजल्यावरच पुढे निघालो. भोसरीला एस.टी. उभीच होती. नाशिकच्या रस्त्याला दोन्हीकडे वडाची झाडं होती, त्यांच्या पारंब्या टपाला घासत होत्या. मोशीला इंद्रायणी ओलांडली. पुढे शाळूची हिरवी शेतं, मध्येच कांद्याचे वाफे आणि डावीकडे लांबवर डोंगर दिसत होते. मी माईंना एकेक सांगत होते. त्या "हो का?" म्हणत होत्या, पण त्यांचं तोंड पुढच्या सीटच्या पाठीकडेच होतं. तेवढंच त्यांना दिसत होतं.

चाकणला उतरल्याबरोबर कांद्याचा वास आला. बाजारात गोण्यांच्या थप्प्या लागल्या होत्या, त्यांच्यामागे किल्ल्याचे ढासळलेले बुरूज होते. "तात्या ड्रायव्हर" एवढं विचारलं की पुरत होतं. एका म्हाताऱ्याने काठीने वाट दाखवली आणि वर म्हणाला, "बिगी बिगी जा. आज त्याच्या मोटारीची पाठवणी हाय."

मोटारीची पाठवणी कसली, ते आम्हाला तेव्हा कळलं नाही.

अंगणात शिरलो आणि मी पाहतच राहिले. कात्रणातल्या तुमच्या गाडीसारखीच ती होती. अंगावर काळा रंग असा की त्यात शेवग्याचं झाड दिसत होतं. चाकांचे आरे गावच्या सुताराने बाभळीचे करून दिलेले. रबरी फुग्याचा भोंगा. दिवे चिंचेने घासून लखलखीत केलेले, आणि त्या दिव्यांवर झेंडूची माळ. गाडीशेजारी धोतरावर खाकी लष्करी कोट घातलेले तात्या उभे होते. जरा अंतरावर बाजेवर पांढरी पाटलोण घातलेले एक गृहस्थ चहा पीत होते.

"या या!" तात्या पुढे आले. "मला वाटलं आता न्हाई येत तुमी. ह्ये मुंबईचे शेट. सिनेमावाल्यांना जुन्या गाड्या भाड्यानं देत्यात. काल सांजच्याला आले. मी इसार घेतला." (इसार म्हणजे सौदा ठरल्याची आगाऊ रक्कम.)

आजोबांचा चेहरा पडला. "अहो, पण मी आधीच पत्र टाकलं होतं."

"टाकलं व्हतं की. पर त्यात पाहायला येतो म्हनलं व्हतं. पाहायला धाजण येऊन ग्येले, सायेब. म्या शबुद दिला त्यो इसाराला."

"पोरगी बघायला आले आन् पोरगी आदीच ठरली!" दारातून आवाज आला. तात्यांच्या पत्नी ठकूबाई हातातली परात खाली ठेवून बाहेर आल्या. "बसा, पानी घ्या. वाईट वाटून घिऊ नगा. मी तर म्हनते सुटलो! लढाईवरनं आल्यापून ह्या सवतीला तेल पाजत्यात ह्ये. मोटंचं बैल म्हातारं झालं, हिरीत पानी हाय पर वर कोन काढनार? म्हनलं, हिला इका आन् हिरीवर इंजिन बसवा. आता माझ्या कांद्याला पाजा पानी."

खिशातून फडकं काढून तात्या आधीच स्वच्छ असलेला दिवा पुसू लागले.

आजोबा हट्टी. ते म्हणाले, "निदान ही आमचीच का ते तरी पाहू दे." त्यांनी माईंना हाताला धरून गाडीच्या बरोबर समोर, दिव्यांपुढे नेऊन उभं केलं. "पाहा माई, हीच ना?"

माईंनी मान हळूहळू इकडून तिकडे फिरवली. त्यांना एका वेळी एकच दिवा दिसत असणार.

"मला नाही सांगता येत," त्या म्हणाल्या.

"असं कसं? इतकी वर्षं तुम्ही या गाडीतून फिरलात!"

"फिरले रे. पण मी हिला पुढून कधी पाहिली? वाड्याच्या आतल्या चौकात गाडी लागायची, मी मागच्या दाराने चढायची, पडदा ओढला जायचा. उतरायची ती पुन्हा आतल्याच चौकात. मला मागे बसव, मग सांगते."

पुण्यातल्या आम्हा शिकल्यासवरल्या माणसांच्या डोक्यात हे आलंच नव्हतं. डॉक्टरांची बायको गाडीतून फिरते याचं तेव्हा गावाला कौतुक होतं, पण ती फिरायची पडद्यात. मागच्या बैठकीभोवती जाड कापडाचे पडदे असत आणि दोन पडद्यांमधल्या फटीतून जेवढं दिसेल तेवढंच जग माईंच्या वाट्याला येई.

आम्ही त्यांना मागे बसवलं. गादी नवी होती, रंग नवा होता. माईंनी डोळे मिटले आणि टपाच्या लाकडी पट्टीवरून बोटं फिरवत नेली. बोटं एके ठिकाणी थांबली, मागे आली, पुन्हा पुढे गेली.

"इथे भोकं होती. एका ओळीत. कुणीतरी बुजवलीयत."

"म्याच बुजवली," तात्या चमकून म्हणाले. "लाख भरून वरनं रंग दिला. पर तुमास्नी कसं…"

"पडद्याच्या दांडीचे स्क्रू होते तिथे. ही इकडची दोन जवळजवळ आहेत ना, ती माझ्यामुळे. एकदा गाडी गचकली तेव्हा मी दांडीला धरून लोंबकळले, दांडी उपटून आली. मग शेजारी दुसरी भोकं पाडली." माई हसल्या. "आपलीच आहे रे, बाळ."

बाजेवरून शेटजी उठून आले. "एक मिनिट हां. तात्या, तुम्ही तर मला बोलला होता की बेचाळीसच्या चळवळीत या गाडीवर गोळीबार झाला. ही गोळ्यांचीच भोकं आहेत, असं बोलला होता."

अंगणात कुणी हसायलाही धजेना. तात्यांचे कान लाल झाले. त्यांनी खोटं सांगितलं नव्हतं, हे मी तुम्हाला खात्रीने सांगते. लढाईवरून आलेल्या माणसाला लाकडात एका ओळीत भोकं दिसली, तर त्याच्या डोक्यात आधी गोळ्याच येणार. पुढे गावाने त्या गोळ्यांना एक चळवळही जोडून दिली होती. ठकूबाईंनी पदर दातांत धरला. विहिरीवरचं इंजिन त्या भोकांत अडकलेलं मला स्पष्ट दिसत होतं.

शेटजींनी स्वतः पट्टीवरून बोट फिरवलं, मग माईंकडे पाहिलं. "आई, गोळ्या लागलेली गाडी मी फक्त मारामारीच्या सीनला देऊ शकतो. पडद्यावाली गाडी लग्नाला चालते, राणीला चालते, जमीनदारालाही चालते. हे तर माझ्या फायद्याचंच झालं." आणि थोडं थांबून ते म्हणाले, "पण गाडी तुमच्या घरची आहे. तुम्ही बोला. तुम्हाला पाहिजे असेल तर मी इसार परत घेतो."

आजोबा एकदम पुढे सरसावले. माईंनी हात वर करून त्यांना थांबवलं.

"बाळ, तू अंगणात जागा केलीस, मला ठाऊक आहे. लाकडं हलवताना आवाज येत होता. पण मला दिसेनासं झाल्यावर ती तिथे कोणासाठी उभी करशील? मी रोज जाऊन तिला चाचपत बसू का?" मग त्यांचा आवाज बारीक झाला. "मला गाडी नकोय रे. मला एकदा पुढे बसायचंय."

कुणाला लगेच काही उमगलं नाही.

"मागे बसून रस्ता नेहमी जातानाच दिसला," माई म्हणाल्या. "फटीतून झाड दिसायचं ते निघून गेलेलं. तो येताना कसा दिसतो, तेवढं एकदा पाहू द्या. समोरचं अजून दिसतं मला."

तात्यांनी शेटजींकडे पाहिलं. मालक म्हणून पुढे तेच बसणार होते. तात्या गाडी चिंचवडच्या स्टेशनापर्यंत नेणार आणि तिथून ती मालगाडीने मुंबईला जाणार, असं ठरलेलं होतं. शेटजींनी खिशातून रुमाल काढला, पुढची बैठक झटकून पुसली आणि म्हणाले, "आई, या."

"आदी जेवा," ठकूबाई म्हणाल्या. "उपाशी कुनी जायचं न्हाई माझ्या दारातनं."

ओसरीवर पंगत बसली. बाजरीची गरम भाकरी, कांद्याची पात घालून केलेलं पिठलं आणि वाटलेल्या मिरच्यांचा ठेचा. शेटजी ठेचा खाऊन पाणी मागत राहिले, तशी ठकूबाई त्यांना वाढतच राहिल्या. "सिनेमावाल्यांना तिखट सोसंना व्हय?" माईंच्या ताटात मात्र त्यांनी ठेचा डावीकडे न वाढता मधोमध, भाकरीवरच वाढला. त्यांना हे कुणी सांगितलं नव्हतं. माईंना कसं दिसतं ते त्यांनी अंगणात पाहिलं होतं.

जेवणानंतर मोटारीची पाठवणी कशी असते ते कळलं. शेजारच्या बाया जमल्या. ज्या गाडीला ठकूबाई इतकी वर्षं सवत म्हणाल्या, तिच्या पुढच्या बैठकीवर त्यांनी खण पसरला, त्यावर तांदूळ आणि नारळ ठेवला आणि सासरी निघालेल्या लेकीची भरावी तशी गाडीची ओटी भरली. मग वाटीत दही आणलं. निघणाऱ्याच्या हातावर दही घालतात, पण गाडीला हात कुठला? बायांत चर्चा झाली. चाकाला लावावं असं एकीचं म्हणणं पडलं. ठकूबाई म्हणाल्या, "चाक म्हंजे पाय. पायाला कुनी दही लावतं व्हय?" शेवटी दिव्याला लावायचं ठरलं.

माई तोवर मागे सरकत भिंतीपर्यंत गेल्या होत्या. त्या काळी विधवा बाईने अशा वेळी बाजूला व्हावं अशी रीत होती, आणि ती त्यांच्या अंगात भिनलेली होती. ठकूबाई दह्याची वाटी घेऊन त्यांच्यापाशी गेल्या.

"आक्का, तितं का?"

"तुमचं होऊ द्या. माझा हात नको."

"तुमचा नको तर कुनाचा? हिचं म्हायेर तुमचंच की. आमी काय, मागनं सांभाळली." आणि त्यांनी माईंचं मनगट धरून त्यांना दिव्यापाशी आणलं. बायांत थोडी कुजबुज झाली. ठकूबाईंनी नुसतं वळून पाहिलं, ती थांबली. माईंनी बोटाने दही उचललं आणि पितळेवर टेकवलं. शुभकार्यात माईंचा हात लागलेला मी प्रथमच पाहिला.

तात्यांनी खाली वाकून हॅण्डल मारलं. दोनदा नुसतीच खोकली, मग सगळं अंगण थरथरेल अशी सुरू झाली. माई पुढे बसल्या, ओटीचा खण त्यांच्या मांडीवर. मी, आजोबा आणि शेटजी मागे. इतक्यात ठकूबाई पदर खोचून मागच्या दारातून आत शिरल्या आणि माझ्या अर्ध्या मांडीवर बसल्या.

"तू?" तात्या थक्क झाले. "आजपातुर बस म्हनलं तर बसली न्हाईस!"

"सवतीच्या मांडीवर कोन बसतं? आता लेक झाली. येशीपातुर येते. चला."

वेशीपाशी (गावाच्या हद्दीवर) त्या उतरल्या. ओटी भरलेली लेक वेस ओलांडल्यावर लगेच माघारी फिरत नाही, म्हणून तिथून पुढे गाडी वळवायची नाही, असं त्यांनी तात्यांना बजावलं. तात्यांनी भोंगा दाबला. ठकूबाईंनी डोळ्याला पदर लावला आणि तोच पदर उडवून ओरडल्या, "येताना इंजिनाचं बगून या!"

मग तो रस्ता सुरू झाला. सकाळी आलो तोच. पण आता पुढची काच उघडी होती आणि गार वारं सरळ तोंडावर येत होतं. माई ताठ बसल्या होत्या. त्यांच्या नळीएवढ्या नजरेला आजूबाजूचं काही दिसायचंच नव्हतं. दिसत होता तो फक्त समोरचा रस्ता. तो मात्र त्यांना आमच्याइतकाच दिसत होता, कदाचित जास्तच. काही वेळाने त्या बोलू लागल्या. आमच्याशी नव्हे.

"वड आला," त्या म्हणाल्या. वडाची सावली आमच्यावरून सरकली. "वड गेला."

पुढे कांद्याच्या गोण्या भरलेली एक बैलगाडी दिसली. "गाडी आली." तात्यांनी भोंगा वाजवला तसे बैल उधळून शेतात शिरले. गाडीवानाने आमच्या सगळ्या कुळाचा उद्धार केला. "गाडी गेली," माई म्हणाल्या आणि खुदकन हसल्या. माझ्या सासूबाईंना असं हसताना मी ऐकलं नव्हतं.

आजोबा माझ्या कानाशी म्हणाले, "पुढे मी बसायचो. वडिलांच्या शेजारी. मी वड मोजायचो आणि मोठ्याने सांगायचो. मागे पडद्यात माई ते ऐकत असतील, हे माझ्या मनातही आलं नाही कधी."

मोशीच्या अलीकडे गाडीच्या नाकातून वाफ निघू लागली. पाणी उकळलं होतं. तात्यांनी गाडी कडेला घेतली. शेजारच्या मळ्यात मोट चालू होती. तात्या गेले आणि घागर भरून घेऊन आले. मळेवाला बैल सोडून त्यांच्या मागोमाग आला. माई पुढे बसलेल्या पाहून त्याने विचारलं, "आज्जी, तुमीच चालवताय व्हय?"

"नाही बाबा," माई म्हणाल्या. "मी नुसतं पुढे काय येतं ते सांगते."

"त्येबी लागतंच की," तो म्हणाला आणि त्याने आम्हाला जुडीभर हरभऱ्याचे डहाळे (घाट्यांसकट उपटलेली रोपं) दिले. शेटजींना ते सोलता येईनात. मी त्यांना सोलून दिले.

मग मोशीचा उतार लागला. "नदी आली," माई म्हणाल्या. ऊन कललं होतं, इंद्रायणीचं पाणी समोरून झगझगत आमच्याकडे येत होतं. तात्यांनी गाडीचा वेग कमी केला. पुलावरून आम्ही चालत्या बैलाच्या गतीने गेलो. "नदी गेली" असं त्या म्हणतील म्हणून मी वाट पाहिली. पूल संपला, चढ लागला, तरी त्या काही बोलल्या नाहीत.

चिंचवडला स्टेशनच्या आवारात सकाळचाच टांगेवाला भेटला. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली आणि आजोबांना विचारलं, "घेतली का मंग?"

"नाही," आजोबा म्हणाले. "सोडायला आलो."

माई खाली उतरल्या. दिव्यावरचं वाळलेलं दही त्यांनी बोटाने चाचपलं, पण पुसलं नाही. ओटीचा खण त्यांनी शेटजींकडे दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला आणि गाडीतच ठेवायचं कबूल केलं. तात्यांनी गाडीचं हॅण्डल शेटजींच्या हाती दिलं, मग पुन्हा मागून घेतलं, फडक्याने पुसलं आणि परत दिलं. आमच्याबरोबर ते फलाटापर्यंत आले. "सायेब, इंजिन बसलं की पानी बगायला या," ते आजोबांना म्हणाले. आजोबांनी त्यांचा हात बराच वेळ सोडला नाही.

परतीच्या आगगाडीत जागा मिळाली. गाडी सुटल्यावर माझ्या लक्षात आलं की माई उलट्या बाकावर बसल्या आहेत आणि खिडकीतून सगळं मागे जाताना दिसतंय. मी म्हणाले, "माई, माझ्या जागेवर या, इथून पुढचं दिसेल."

"असू दे गं," त्या म्हणाल्या. "आता चालेल."

पुढच्या दिवाळीपर्यंत त्यांची समोरचीही नजर गेली. त्यानंतर त्या बरीच वर्षं होत्या. दुपारी तुमच्या बाबांना मांडीवर घेऊन त्या ओसरीवर बसत आणि तो रस्ता त्यांना सांगत: वड आला, वड गेला, गाडी आली, गाडी गेली, नदी आली. तुमच्या बाबांनी तोच तुम्हाला सांगून झोपवलं. रेणू, नदीनंतर गप्प का बसायचं असतं, असं तू लहानपणी एकदा मला विचारलं होतंस. माझ्याकडून तेव्हा उत्तर द्यायचं राहून गेलं.

मध्यंतरी एका लग्नाला चाकणला गेले होते. रस्त्यावर दोन्हीकडे कारखाने आणि त्यांच्या लांब लांब भिंती उभ्या आहेत. वड तोडले. तात्या आणि ठकूबाई कधीच गेले, आणि त्यांची शेती आता कुणाची आहे ते मला कळलं नाही. पितळी मुंबईत कुणाकुणाच्या लग्नात मिरवली आणि शेवटी कुठे गेली, तेही माहीत नाही. तुमच्या कात्रणातली ती नव्हे. तिच्या टपाला तसली लाकडी पट्टीच नाही, मी भिंग घेऊन पाहिलं.

तात्यांच्या विहिरीवरची इंजिनाची दगडी खोली मात्र अजून उभी आहे. मोशीला नदी आहे. आणि तुम्हा दोघांना तो रस्ता पाठ आहे.